दहाही नखं तुझ्या नावावर

शैला,

काल पार्लर उघडलं. तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि किती दिवस कुलूप लावून बसणार? पंखा लावला, टबांवरची धूळ पुसायला घेतली, तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. नवलगुंदकडच्या एक बाई आल्या. तुझ्या नेहमीच्या. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, कारण त्या माझ्याशी कधी बोलल्याच नाहीत. दारातून त्यांनी मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, पडद्याखालून कुणाचे पाय दिसतात का तेही बघितलं आणि विचारलं, "शैलाक्कार इल्लेन्री?"

शैलाक्का नाहीत का? हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकलाय की झोपेतसुद्धा त्याला उत्तर देईन. तू दुपारी जेवायला घरी गेलेली असायचीस, नाहीतर कुणा नवरीकडं गेलेली असायचीस, आणि मी सांगायची, येतील हं, बसा. आणि बायका बसायच्या. तास-तास बसायच्या. माझी खुर्ची रिकामी, माझे हात रिकामे, आणि त्या बाकड्यावर बसून जुनी मासिकं चाळायच्या.

काल मात्र मला खरं सांगावं लागलं. त्या तिथंच वरच्या पायरीवर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मी माझे पाय घेऊन कुणाकडं जायचं हो?" कुणाला म्हणाल्या? मला. माझ्याच पार्लरमध्ये, माझा डिप्लोमा भिंतीवर टांगलेला असताना, मी खांद्यावर टॉवेल टाकून समोर उभी असताना.

मला रडू यायच्या आधी राग आला. हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. गेलीस तरी पहिला नंबर तुझाच.

भावजींनी पेपरात तुझा फोटो दिला. खाली लिहिलं, मनमिळाऊ. मी वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. मनमिळाऊ होतीसच. तोच तर माझा सगळा त्रास होता. तू भांडकुदळ असतीस, आळशी असतीस, निदान कामात जरा गबाळी असतीस, तर तुझी जाऊ म्हणून माझे दिवस किती सुखात गेले असते!

आपलं नातं लोकांना सांगताना नेहमी गोंधळ व्हायचा. मी थोरल्या भावाची बायको, तू धाकट्याची, म्हणून मी थोरली जाऊ. पण वयानं तू मोठी. हुबळीच्या दुर्गदबैलात खाली आपलं कापडाचं दुकान आणि वर आपण सगळे. त्या घरात तू मला 'अक्का' म्हणायचीस, सणाला वाकून माझ्या पाया पडायचीस, आणि पाया पडताना गालात हसायचीस. मला ते हसू दिसायचं. कोप्पीकर रोडवरचा आपल्या पार्लरचा जिना चढला की मात्र सगळं उलटं व्हायचं. तिथं तू अक्का आणि मी 'मॅडम'. मॅडम म्हणजे जिला नमस्कार करून पुढं जायचं ती. अक्का म्हणजे जिच्या मांडीवर बिनधास्त पाय ठेवायचा ती.

आणि बेळगावला मॅनिक्युअर-पेडिक्युअरच्या क्लासला जायची कल्पना कुणाची होती? माझी. आठवतंय ना, तेव्हा हुबळीत पार्लर म्हणजे भुवया आणि फार तर फेशियल. हातापायांसाठी कुणी बाई पार्लरची पायरी चढेल असं कुणाला वाटतच नव्हतं. मी महिनाभर तुझ्या मागं लागले, तेव्हा तू तयार झालीस. मग सासूबाईंचा विरोध. "आपल्या घरच्या सुना चार लोकांचे पाय धुणार? दुकानात बसणाऱ्यांनी तोंड कुठं दाखवायचं?" मी त्यांना समजावलं, वाद घातला, दोन वेळचं जेवण सोडलं. काही उपयोग झाला नाही. तू काय केलंस? दुपारी एका घमेल्यात कोमट पाणी घेतलंस, त्यात मीठ टाकलंस, लिंबू पिळलंस आणि त्यांचे पाय त्यात ठेवलेस. टाचांना किती भेगा होत्या त्यांच्या! तू वजरीनं हळूहळू घासलंस, पुसून खोबरेल तेल जिरवलंस, आणि त्या बसल्या जागी घोरायला लागल्या. उठल्यावर म्हणाल्या, "जावा दोघी. पण संध्याकाळच्या गाडीनं परत या."

त्याच टाचा मी लग्न होऊन आल्यापासून रोज रात्री चेपत होते. त्याबद्दल एक चांगला शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणसांना काय हवं असतं ते तुला आधी कळतं आणि मला नंतर. ते कळणं मला कधी पचलं नाही.

काम मात्र मी तुझ्यापेक्षा चांगलं करत होते. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आता तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून गप्प बसणार नाही. नखाला फाइल लावताना कडेकडून मधे, एकाच दिशेनं, करवतीसारखं मागंपुढं नाही, हे क्लासच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तू बोलण्याच्या नादात विसरायचीस. नेलपॉलिशचा पहिला फटका मधोमध, मग दोन कडा, आणि कडेला केसभर जागा सोडायची, म्हणजे नख लांबट दिसतं. तू जागा सोडायचीस कधी, कधी नाही. पायाचं नख सरळ रेषेत कापायचं, कोपरे खोल खणायचे नाहीत, नाहीतर ते मांसात घुसतं, हे तुलाही ठाऊक होतं. पण शेजारी उभं राहून बघितलं तर माझं काम उजवं होतं. बायका शेजारी उभ्या राहत नव्हत्या, एवढाच काय तो घोटाळा. त्या डोळे मिटून पडायच्या. आणि डोळे मिटल्यावर नुसता हात कळतो.

आपलं खरं भांडण नखाच्या मुळाशी असलेल्या त्या पातळ कातडीवरून. मी म्हणायची, निपरच्या धारदार चिमट्यानं कापायची. हात दहा मिनिटं पाण्यात भिजले, कातडी मऊ झाली की निपरचं टोक टेकवायचं, ओढायचं नाही, नुसतं चिमटीत धरून सोडवायचं. नख कसं कोरल्यासारखं दिसतं! तू म्हणायचीस, कापायची नाही. लाकडी काडीला कापूस गुंडाळायचा, तेल लावायचं आणि कातडी हळूच मागं सारायची. "अक्का, देवानं दाराला चौकट दिल्या, तू ती उपसून काढायलीस," असं तू सगळ्या बायकांसमोर म्हणायचीस. बायका हसायच्या. आणि तुझ्या रांगेत जाऊन बसायच्या.

मग त्या बँकेतल्या मॅनेजरच्या बायकोला नखुरडं झालं. मी तिची कातडी कापल्यावर आठ दिवसांनी. बोट सुजलं, ठणकलं, आणि ती तुझ्याकडं आली, माझ्याकडं नाही. मी आजही सांगते, ते माझ्या निपरमुळं नाही झालं. माझा निपर उकळलेला होता. बाईच्या घरी मोलकरीण आठवडाभर आली नव्हती आणि ती स्वतः भांडी घासत होती, तिनंच नंतर कबूल केलं. पण तोवर कोप्पीकर रोडपासून विद्यानगरपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की शैलाक्का कापत नाहीत. तू माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नव्हतीस. नुसतं तिच्या बोटावर हळदीचा लेप दिलास, डॉक्टरकडं पाठवलंस आणि म्हणालीस, "होतंय की कधी कधी." हे तुझं 'होतंय की'! त्यानंच माझा सत्यानाश झाला. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी तरी दोन घातल्या असत्या.

आणि जोडव्यांचं? ते तरी माझ्या नावावर राहू द्यायचं होतंस. पायांसाठी येणाऱ्या बायका जोडवी काढायला तयार नसायच्या. हात लावला की, "अय्यय्यो, तगीब्याड्री!", काढू नका हो, म्हणून पाय आखडून घ्यायच्या. सवाष्णीनं जोडवी काढायची म्हणजे काय! आणि त्या जोडव्यांखाली वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं, कातडी पांढरी पडलेली, खाज सुटलेली. मी तुला त्या दिवशी चहा पिताना म्हटलं, काढायची कशाला, नुसती बोटाच्या टोकापर्यंत सरकवायची, खालची जागा पुसायची, कोरडी करायची आणि परत सरकवायची. बोट सोडायचं नाही. म्हणजे काढलीच नाहीत! तू कप खाली ठेवलास आणि त्याच संध्याकाळी एका आजीबाईंच्या पायावर ते करून दाखवलंस. वर त्यांना म्हणालीस, "काढली न्हाई आजी, नुसती अंगण बघून आली." झालं. ती युक्ती शैलाक्कांची ठरली. त्या म्हाताऱ्या बायकांना अंगण दाखवायचं मला कुठून सुचणार?

तुला एकदा विचारलंही होतं मी, सगळ्यांना सांगितलंस का की ते माझ्या डोक्यातलं आहे म्हणून? तू म्हणालीस, "सांगतो की अक्का, त्यात काय." सांगितलंस का, ते कळायला आता मार्ग नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. गिऱ्हाईक काय, आज तुझं, उद्या माझं. पण मंजिरी माझी होती.

माझी मुलगी नखं खायची. चौथीत होती तेव्हा. दहाही बोटांची नखं मुळापर्यंत कुरतडलेली. नखांचा धंदा करणाऱ्या बाईची पोर, आणि लोकांसमोर हात पाठीमागं धरून उभी. मी कडुनिंबाचा रस लावला, मारलं, वर्गशिक्षिकेला सांगून ठेवलं. ती रात्री पांघरुणात तोंड घालून खायची. मग तू तिला मांडीवर घेतलंस आणि तिची एक करंगळी धरून म्हणालीस, "हे नख माझं. ह्याला हात लावायचा न्हाई. बाकीची खा की, तुझी हायत." त्या एकाच नखाला तू फाइल लावलीस, तेल लावलंस आणि फिकट गुलाबी रंग दिलास. पोरीनं नऊ नखं खाल्ली आणि दहाव्याला शिवली नाही. कारण ते काकूचं. पुढच्या महिन्यात तू दुसरं नख मागून घेतलंस. मग तिसरं. पाचवी संपायच्या आत दहाही नखं तुझ्या नावावर झाली होती.

मी तुला धन्यवाद दिले का? नाही दिले. तू माझी पोर बरी केलीस, आणि त्या दिवसापासून ती रविवारी सकाळी उठून माझ्याकडं नाही, तुझ्या खोलीत जायची. तुमचं दार लोटलेलं असायचं. आतून हसण्याचा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची आणि मला वाटायचं, आता आत जावं आणि म्हणावं, एक नख तरी परत दे. तुला दोन मुलगे होते, तू मुलीसाठी झुरत होतीस असंही नाही. तुला फक्त माणसं सहज मिळायची, तशी माझी पोरही मिळाली.

कॉलेजात गेल्यावरही तिनं मला एकदा हात दाखवला नाही. गॅदरिंग असो, मैत्रिणीचं लग्न असो, "काकू, बसू का?" मी एकदा म्हटलं, आज काकू दमलीय, ये मी करते. तर म्हणाली, "राहू दे आई, उद्या बसते तिच्याकडं." ती वाईट मुलगी नाही. तिला कळलंही नसेल की मी त्यानंतर अर्धा तास तोच टब घासत होते.

आणि आता तिचा साखरपुडा. तारीख तूच ठरवून दिली होतीस, पत्रिका बघणाऱ्या भटजींना फोन करून. भावजी म्हणाले, "पुढं ढकलू नका वहिनी. तिनंच ठरवलेलं हाय." त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. रायापूरला एका नवरीचे हातपाय करून रिक्षानं परत येताना तुझ्या छातीत कळ आली आणि रिक्षावाला धारवाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, हे सगळ्यांनी मला सांगितलं. मला तेवढंच दिसत राहतं की तुझ्या मांडीवरची सामानाची पेटी त्या रिक्षातसुद्धा सांडली नव्हती. ती नवरी दिवसाला आली होती. रडून तिचे डोळे सुजलेले, आणि नखं अगदी नीट. माझी नजर आधी कडेला सोडलेल्या जागेकडं गेली. सोडली होतीस. दहाही बोटांना, सारखी. मला बरं वाटलं आणि मग इतकं रडू आलं की बायकांनी मला धरून आत नेलं.

आज दुपारी मंजिरी पार्लरमध्ये आली. तुझ्या खुर्चीकडं बघितलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. दोन्ही हात उशीवर ठेवले. एवढी वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते, आणि ती मला तू नसल्यामुळं मिळत होती. असं मिळालेलं काही गोड लागत नाही. तरी मी ते घेतलं. नाही कशाला म्हणू?

तिचे हात पाण्यात भिजवले, पुसले. बोटं तुझ्यासारखी लांब नाहीत, माझ्यासारखी आखूड आहेत. हे मी पहिल्यांदा नीट बघितलं. मग मी लाकडी काडी घेतली आणि तिला कापूस गुंडाळायला लागले. म्हटलं, पोरीला तुझी सवय आहे, आज माझा हट्ट नको.

"काडी का घेतलीस?" मंजिरी म्हणाली. "निपर घे की."

"काकू कापत नव्हती ना तुझं."

"काकूला कापायला येत नव्हतं, आई."

मी हसले. म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, आमचं त्यावरून इतक्या वर्षांचं भांडण आहे. तर ती म्हणाली, "खरंच. निपर धरला की तिचा हात थरथरायचा. रक्त निघंल म्हणून भ्यायची ती. क्लासपासनं. मला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मला म्हणायची, 'तुझं साखरपुड्याचं कापायचं काम तुझ्या आईकडनं करून घे, तेवढ्या एका दिवशी मी बाजूला बसतो.' तू निपर घेऊन बसलीस की ती मुद्दाम टॉवेलांच्या घड्या घालत तिथं उभारायची. मला म्हणायची, तुझ्या आईचा हात बघितला की माझ्या पोटात दुखतंय बघ मंजू."

शैला, मला बेळगावची परीक्षा आठवली. कापायच्या प्रश्नाला तुझ्या बोटाला पट्टी होती. भाजी चिरताना लागलं म्हणाली होतीस, आणि मॅडमनी तुला तेवढं माफ केलं होतं. आणि त्या टॉवेलांच्या घड्या! मला वाटायचं तू माझ्या चुका बघत उभी आहेस. मी मान वर करून बघायची नाही. एकदा जरी बघितलं असतं तरी तुझ्या तोंडावर मला ते दिसलं असतं.

म्हणजे ती देवानं दिलेली चौकट वगैरे सगळी भीती होती! आणि त्या भीतीतून तू जे सांगत सुटलीस, तेच आता खरं निघालं. नव्या क्लासमधून हल्ली सगळीकडं तेच शिकवतात, कापू नका, मागं सारा. घाबरून बोललीस तेही बरोबरच बोललीस. माणसानं हेवा तरी किती करायचा?

आणि हे तू मंजिरीला सांगितलंस. मला नाही. रोज एकाच ताटातली चटणी खाल्ली आपण, एकाच जिन्यावरून चढलो-उतरलो, आणि ते एक वाक्य तू माझ्या पोरीच्या कानात सांगितलंस. माझ्या तोंडावर म्हणाली असतीस ना, तर मी सगळ्या दुर्गदबैलात पेढे वाटले असते. मग कदाचित मीही तुला काही म्हणाले असते. काय म्हणाले असते ते आता लिहिण्यात अर्थ नाही, तुला ते माहीत असणार. माणसांचं तुला आधीच कळायचं.

मी काडी खाली ठेवली. निपर उकळून आणला, पुसला, आणि मंजिरीचा अंगठा माझ्या बोटांत धरला. तिनं डोळे मिटले नाहीत. बघत राहिली. एकेक नख घेतलं, घाई केली नाही, ओढलं नाही. मधेच डोळे भरून आले तेव्हा थांबले, दंडाला पुसले आणि पुन्हा बसले. दहाही बोटं झाली. कुठं खरचटलं नाही, कुठं लाल झालं नाही. तू आणि मी दोघींनी मिळून इतक्या वर्षांत केलेल्या हातांमध्ये असा हात झाला नसेल. कुठं असशील तिथून नीट बघ शैला, आणि दुखू दे तुझ्या पोटात.